तुळईवरची गल्ली

ता. १७ नोव्हेंबर १९३६, मंगळवार

कराचीहून येताना दिवाळी बोटीतच गेली. वडगावात पोचलो तेव्हा दारातली पणती तेल संपून काळी पडलेली. मी येईपर्यंत उचलायची न्हाय म्हणून आईनं तशीच ठेवलेली.

आप्पा सोप्यात बाजेवर. गणपतीच्या आसपास अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तोंडातनं एकच शब्द निघतो. व्हय. पाणी पायजे? व्हय. नको? व्हय. पाया पडलो तर माझ्याकडं बघून व्हय, व्हय. आई म्हणाली, "वळीकलं बघ तुला." मला काय तसं वाटलं न्हाय. मग त्यांनी डाव्या हातानं माझा पंजा धरला आणि तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं दाबून बघितले. एकेक करून सगळे. तेव्हा वाटलं, वळीकलं.

रजा नाताळापर्यंत. त्याच्या आत कराचीला कारखान्यात हजर झालो न्हाय तर जागा दुसऱ्याला. मिस्त्रीनं हे हसत सांगितलं, पण सांगितलं.

ता. १८

कामाची पडवी उघडली. तीन वर्षं झाली बघून. तोच वास. सागाचा भुसा, सरस, आणि आप्पांच्या तंबाखूची चंची कुठंतरी दडलेली. लहान असताना मला ह्याच भुशात निजवायचे. आई मागावर विणणाऱ्या बायकांच्यात कांड्या भरायला जायची, आणि आप्पा वाकसानं लाकूड तासत तासत पायानं मला थोपटायचे. रंध्यातनं निघालेल्या सालपटाच्या मी अंगठ्या करून दहा बोटांत घालायचो.

पडवीत सगळं हाताखाली पसरलेलं. छिन्न्या-किंकरी डालग्यात, रंधे तरटाखाली, गिरमिट मडक्यात, मागाचे धोटे जुन्या पोत्यात. आप्पा मधोमध बसायचे आणि न बघता हात घातला की पायजे ते हाताला यायचं. दुसऱ्या माणसाचा दिवस जाईल शोधण्यात.

आणि आता दुसराच माणूस बसणार. निपाणीचे दाजी, आक्काचे मालक. बैलगाड्या करतात. तंबाखूच्या हंगामात मोप काम असतं, पण घरात भाऊ तीन. एकानं बाहेर पडायलाच हवं. दाजी आणि आक्का हितं येऊन ऱ्हातील, आप्पांना बघतील, गल्लीतल्या मागांची कामं चालू ऱ्हातील. मी मोकळा. हे सगळं आईनं आणि आक्कानं मी यायच्या आधीच ठरवलेलं.

माझं काम एकच. जायच्या आत पडवी अशी लावायची, की दाजींनी नुसतं वर बघितलं तरी पटाशी कुठं ते कळावं.

आमच्या कराचीच्या कारखान्यात हत्यारांची भिंत आहे. मोठी फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. हत्यार काढलं की सावली उघडी पडते, काय गेलं ते लांबनं दिसतं. तसंच करणार. आईला सांगितलं.

"हत्यारांच्या सावल्या? रंगवायच्या? दिव्यापुढं धरल्या की पडतील की रं फुकट."

ता. २१, शनिवार

काल लोंढ्याला गेलतो, फळ्यांसाठी. लहानपणी आप्पांच्या संगं जायचो. ते लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे, तापलेल्या पोराच्या छातीला लावावा तसा. मी विचारायचो, काय म्हणतंय? ते म्हणायचे, भूक लागली म्हणतंय, चल. मग स्टेशनाबाहेर आम्ही भजी खायचो.

काल मीबी टकटक केलं. वखारवाला म्हणाला, "सुताराचा मादू न्हवं तू? आप्पा कसं हाईत?" बरे आहेत म्हणालो. भजी खाल्ली न्हाईत. एकट्यानं काय खायची.

आज खडेबाजारातनं बिजागऱ्या, मोळे, आणि काळा रंग.

ता. २४

काम चालू. फळी भिंतीला बसली. तिच्याखाली कप्प्यांची मांडणी. खण करायला रॉकेलच्या डब्यांची लाकडी खोकी मिळाली, पातळ पण सरळ. एकेका खणात एकेक जिन्नस. मोळे वेगळे, धोट्यांची टोकं वेगळी, कातडी पट्ट्या वेगळ्या. खणाच्या तोंडावर वस्तूचाच तुकडा ठोकून टाकला. मोळ्यांच्या खणावर मोळा. दाजींचं वाचणं जेमतेम, नावं लिहिण्यापेक्षा हे बरं.

दोन खोक्यांवर फळी टाकून उभ्यानं काम करतो. कराचीत सवय तीच. तिथं कमरेएवढं लाकडी मेज असतं, त्याच्या जबड्यात लाकूड पकडायचं आणि उभं राहून रंधा मारायचा. समोरच्या घरातले परसूअण्णा दारात येऊन बसले. आप्पांचे दोस्त, तोंडात कायम पान.

"काय रं मादू, बसायला जागा न्हाय व्हय?"

"असं बरं पडतं, अण्णा."

"सुताराची जात खाली बसून, पायात लाकूड धरून काम करती. हुभं ऱ्हाऊन शिपाई काम करतोय."

आप्पाबी मागल्या खेपेला असंच बोललेले. मी इथं चार दिवस उभ्यानं काम केलं तर त्यांना बघवंना. शेवटी एक वेळूची काठी घेऊन आले, माझ्या शेजारी जमिनीवर टेकवली आणि कमरेपाशी नखानं खूण केली. म्हणाले, "एवढं उंच पायजे व्हय साह्यबाला!" सगळे हसले. मी रागानं संध्याकाळचं जेवलो न्हाय. दोन दिवसांनी गाडीत बसलो.

कराचीत पहिल्या वर्षी झोप यायची न्हाय. का ते कळायचंच न्हाय. मग कळलं, माग ऐकू येत न्हाईत. इथं दोन्ही बाजूंनी पहाटेपासून खटक-खटक. आता त्यानं जाग येते आणि चिडचिड होते. माणसाला कशातच सुख न्हाय.

ता. २७, शुक्रवार

मोठं काम झालं आज. काठ्या उतरवल्या.

आप्पांच्या मापाच्या काठ्या. गल्लीतल्या एकेका मागाची एकेक. वेळूच्या, अंगावर खाचा. ही खाच तुरीची, म्हणजे कापड गुंडाळायच्या दांड्याची. ही पायाखालच्या पावडीची. ही खड्ड्याची, ज्यात पाय सोडून विणकर बसतो. काय मोडलं की काठी काढायची, खाच बघून नवा तुकडा करायचा. मागापर्यंत जायला नको. पडवीच्या आडव्या तुळईला दोन्ही अंगांनी खिळे, आणि खिळ्याखिळ्याला काठी लोंबलेली.

आप्पा खाली बसायचे, त्यांच्या डोक्याला त्या कधी लागल्या न्हाईत. मी उभा. आठवडाभर टाळूला टोले खातोय.

सोप्यात जाऊन विचारलं. "आप्पा, काठ्या खाली घेऊन नीट लावतो. घेऊ का?"

"व्हय."

"सगळ्या घेतो हं."

"व्हय, व्हय, व्हय." डावा हात बाजेवर आपटायला लागले. डोळ्यांतनं पाणी.

आई म्हणाली, "पोरगं राबतंय बघून भरून आलं त्यास्नी."

मग घेतल्या. कोपऱ्यात भोकांची उभी चौकट करून उंचीनं लावल्या. शाळेत पोरं उभी करतात तशा, बुटका पुढं. सगळ्यांत पुढची तर लईच आखूड. एवढा बुटका माग कुणाचा, म्हणून हसू आलं. पण दिसतं काय झकास! डोकं मोकळं, तुळई मोकळी. कराचीचा मिस्त्री असता तर पाठ थोपटली असती.

ता. ३० नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी काशाक्का आली. गल्लीच्या तोंडाचं घर. नवरा गेल्यावरबी तिनं माग एक दिवस बंद ठेवला न्हाय. पावडी मोडली, आणि मागावर लग्नाचं लुगडं अर्धं.

"काढ बाबा माझी काठी आणि दे करून."

"कुठली तुमची?"

"कुठली म्हंजी? दारातनं आत आलं की डाव्या अंगाची पयली."

मी वर बघितलं. तिनंबी बघितलं. नुसते खिळे.

मग माझ्या ध्यानात आलं.  तुळई म्हणजे गल्ली होती. पडवीचं दार म्हणजे गल्लीच्या तोंडाचं मारुतीचं देऊळ. डाव्या अंगाचे खिळे म्हणजे डाव्या अंगाची घरं, उजव्याचे उजवी. ज्या ओळीनं घरं, त्या ओळीनं काठ्या. आप्पांना अक्षर येत न्हाय, काठीवर नाव कुठलं असणार. जागा हेच नाव. आणि मी शहाण्यानं सगळी गल्ली उपटून उंचीनं उभी केली.

काशाक्का चौकटीकडं बघत राहिली. म्हणाली, "छान केलंस रं. दिसायला छान हाय."

तिच्या घरी जाऊन, माग मोजून पावडी करून दिली. दुपार झाली.

ता. १ डिसेंबर

आप्पांपुढं एकेक काठी धरली. "ही परसूअण्णांची?" व्हय. तीच काठी परत धरून, "ही काशाक्काची?" व्हय. तिसऱ्यांदा मीच गप्प बसलो, तरी व्हय. नंतर तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्या दिवशी बाजेवर हात आपटत होते तो आनंदानं न्हवे. आई म्हणते, असं मनाला लावून घेऊ नको. आणि स्वतः चुलीपुढं बसून डोळे पुसते.

परसूअण्णा येऊन गेले. "गल्लीचा ढीग केलास की रं. आता माझं तोंड शेजाऱ्याच्या घरात आणि शेजाऱ्याचं माझ्या." हसवायला बोलले. मग पान थुंकून आले आणि हळू म्हणाले, "ह्या काठ्या गेल्या तर लोक शहापूरच्या सुताराकडं जातील, मादू. तुझा दाजी आला तरी काय मोजणार? सगळी घरं नव्यानं मोजायची? आणि बसून मोजून द्यायला हातातलं इणणं कोण सोडणार?"

बरोबर बोलले. मी दाजींसाठी दुकान लावत होतो, आणि दाजींचं दुकान मीच मोडलं.

ता. ३

उपाय एकच. काठ्यांची मोळी खांद्यावर घ्यायची आणि दारोदार लावून बघायच्या. ज्या मागाला खाचा जुळल्या, त्याची ती काठी. घरी येऊन त्याच खिळ्याला लावायची.

आईनं पदर तोंडाला लावला. "लोक म्हणतील, सुताराचं पोरगं काठ्या इकतंय."

म्हणूं देत.

ता. ५, शनिवार

दोन दिवस खड्ड्यांत उतरतोय. गुडघे धुळीनं पांढरे. चालायला लागल्यापासून ह्या गल्लीत पळालो, पण इतक्या घरांत एवढं आत कधी गेलो नव्हतो.

पहिलं घर काशाक्काचं. सोमवारी मोजलं होतं म्हणून काठी लगेच गवसली. तिनंच मला खड्ड्यात बसवलं. म्हणाली, "तुझा आप्पा आधी मला हितं बसवायचा. मग म्हणायचा, पाय लांब कर, हात लांब कर. मी म्हणलं, अवो, माग मोजा की! तर म्हणाला, मागाला काय मोजायचंय, ते तर लाकूड हाय. मालक गेल्यावर आठ दिवसांनी आला. पावडी वर घेतली, फणी जरा जवळ आणली.  मालकांच्या मापात इणताना माझी कंबर मोडून जायाची, ती त्या दिसापास्नं थांबली."

तिच्या काठीवर एका खाचेच्या खाली दुसरी खाच आहे. जुनी भुशानं बुजवलेली. ती मालकांची.

पुढचं घर कानडी बोलणाऱ्यांचं. आजोबा दारातनंच आत बोलावतात, "बा तम्मा, बा!" बायकोशी कानडीत, माझ्याशी मराठीत, मागाशी दोन्हीत. मी लावलेली काठी बघून म्हणाले, "हे आमचं न्हवं. एवढा रुंद खड्डा आमचा न्हाय. शेजारच्या घरात लावून बघ, तिथली मालकीण खात्यापित्या घरची." शेजारी लावली. जुळली. मालकीणबाई विचारत होत्या, माझीच हे कसं वळखलंत? मी म्हणालो, अंदाजानं.

एका घरात दोघं भाऊ, मधी भिंत घालून वेगळे झालेले. दोघांच्या काठ्या एकाच मापाच्या. कुठली कुणाची यावर दोघं भांडायला उठले. थोरला म्हणतो, गुळगुळीत ती माझी. मी दोन्ही तिथंच टाकून पळालो. संध्याकाळी धाकटा दोन्ही आणून देऊन गेला. "लाव कुटंबी, शेजारीशेजारीच हाईत की."

सगळीकडं चहा. सगळीकडं आप्पा. कुणाच्या तान्ह्याला त्यांनी रातोरात पाळणा करून दिलेला, कुणाच्या तुरीला त्यांच्या वाकसाची तिरकी खूण. ती खूण बोटाला लागली की मी तिथंच थांबतो. डावखुरी तिरकी. आता तोच डावा हात तेवढा राहिलाय.

ता. ८

बऱ्याच काठ्या परत तुळईला लागल्या. लावताना पडवीचं दार उघडं ठेवतो, म्हणजे बाजेवरनं दिसतं. मी मोठ्यानं नाव घेऊन लावतो. "काशाक्का." व्हय. "परसूअण्णा." व्हय. काल चुकून एक काठी एक खिळा अलीकडं लावली. व्हय म्हणाले, पण हात आपटला. खिळा बदलला. हात थांबला.

म्हणजे कळतं. सगळं कळतं. आम्हीच नुसतं तोंडाकडं बघत होतो.

डोक्याला टोले परत सुरू.

ता. १०, गुरुवार

दाजी आले निपाणीहून, एकटेच. आक्का मागनं येईल. गूळ आणला, आणि अंगाला तंबाखूच्या वखारीचा वास. आल्याआल्या आप्पांचे पाय दाबत बसले. माणूस चांगला.

मग पडवी दाखवली. खण ओढून बघितले, मोळ्यावर बोट फिरवलं, खूश. भिंतीपुढं उभे राहिले.

"हत्यारांची भुतं काढलीस व्हय रं भिंतीवर?"

"हत्यार काढलं की कळतं, दाजी, काय गेलं ते."

"बरं हाय. भूत दिसलं की समजायचं, हत्यार जित्तं हाय." मोठ्यानं हसले. मग माझ्या खोक्यांवरच्या फळीकडं न बघता खाली बसले, मांडी घातली, पायात लाकूड धरलं. आणि हात वर केला. फळीपर्यंत हात पोचेना. उठले, पटाशी घेतली, बसले. मग रंधा पायजे. उठले, घेतला, बसले. मग गुण्या.

"मादू, परतेक हत्याराला उठाबशा काढायच्या का शाळंतल्यावानी?"

मी गुण्या काढून त्यांच्या हातात दिला.

"न्हाय, राग मानू नको. काम सुबक हाय. पन हे दुकान हुभ्या माणसाचं हाय. तू तुझ्यासाठी लावलंस."

मी म्हणालो, फळी खाली घेतो, दोन स्क्रूचं काम आहे.

"घे की. घाई न्हाय." काठ्यांकडं बघून म्हणाले, "हे तेवढं मला जड जाईल. गाडीचं चाक सगळ्या बैलांना सारखंच. हितं परतेक बाईचा गुडघा वेगळा. शिकीन म्हणा. लोकांनी कळ काढली तर."

जेवताना आईनं विचारलं, "मग कधी येताय दोघं?" दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "मादूची गाडी गेल्यावर."

ता. १२, शनिवार

दाजी सकाळी गेले. मंगळवारी माझी गाडी. आई शेंगदाण्याची चटणी कुटतेय, कराचीसाठी. एवढी की बोटीतल्या सगळ्यांना पुरंल.

राहिलेल्या काठ्या तीन. दोन कुणाच्या ते परसूअण्णांनी सांगितलं. दोन्ही घरं सोलापूरच्या गिरणीत गेली, दारांना कुलपं. "लाव त्यांच्या खिळ्याला. गेले म्हणून काय, कुलूप हाय म्हंजी घर हाय." लावल्या.

उरली ती आखूड. सगळ्या मागांना लावून झाली. कशालाच बसत न्हाय. अंगावर खाचबी न्हाय, नुसती वरच्या टोकाला साफ कापलेली. आणि तुळईवर उरला एकच खिळा. उजव्या अंगाचा, परसूअण्णांच्या समोरचा.

म्हणजे आमच्या घराचा. आमच्यात माग न्हाय. कधीच नव्हता.

 काठी जमिनीला टेकवली. वरचं टोक कमरेला लागलं.

नखाच्या खुणेवर कापलेली. चेष्टा झाली, मी न जेवता झोपलो, गाडीत बसून गेलो, आणि त्यांनी मागनं ती खुणेवर बरोबर कापून आमच्या घराच्या खिळ्याला लावली. गल्लीतल्या बाकीच्या माणसांच्या मापांसारखी. तीन वर्षं तिथं लोंबत होती. मी उंचीनं लावून तिला हसलो.

पडवीच्या मागं गेलो. तरटाखाली सागाचे चार दांडे, जाड, मेजाच्या पायांना घेतात तसे. तासून ठेवलेले, कापायचे राहिलेले. धूळ बसलीय. लोंढ्याला एकटेच गेले असतील. भजी खाल्ली असतील का.

ता. १३, रविवार

आज अमावास्या. हत्याराला हात लावायचा न्हाय. बरं झालं.

दिवसभर आप्पांच्या बाजेजवळ. दाढी केली त्यांची. परसूअण्णा येऊन दोघांना पान लावून गेले. आप्पांना कुटून, मला तसंच.  गल्लीतले माग मात्र चालू, त्यांना अमावास्या न्हाय.

कराचीतली खोली आठवली. खिडकीतनं डोलकाठ्या दिसतात. मोठ्या बोटीवरचं काम आलं की मिस्त्री मलाच बोलावतो. तिथं मी कुणाचा मुलगा न्हाय, नुसता कारागीर. तेबी मला आवडतं, खोटं कशाला लिहू. चार दिवस घरात झाले की पाय वळवळायला लागतात, हे लहानपणापासूनच. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आप्पानंच करून लावलीय.

ता. १४

आज एकतर फळी खाली घ्यायला हवी, दाजींसाठी. न्हायतर आप्पांचं मेज पुरं करायला हवं.

पेचकस घेतला. फळीचा एक स्क्रू सैल केला. मग तसाच सोडला, पेचकस परत टांगला.

दांडे पुसून घेतले. काठी लावून पहिल्या पायाला खूण केली, कापला. असाच. मेज काय दाजीबी वापरू शकतील, उभ्यानं. वापरणार न्हाईत. माहीत आहे.

आईनं विचारलं, काय करतोयस? म्हणालो, आप्पांचं राहिलेलं काम. तिनं चटणीचा डबा ट्रंकेत ठेवला, परत काढला, परत ठेवला.

ता. १५ डिसेंबर, मंगळवार

दुपारची गाडी. ट्रंक दारात. सकाळी दोन पाय कापले. तीन झाले.

काशाक्का येऊन गेली. लग्नाचं लुगडं मागावरनं उतरलं. घडी दाखवायला आणलेली, हिरवं, काठ लाल. म्हणाली, पावडी मऊ चालती.  जाताना तुळईकडं बघून गेली.

आप्पांच्या पाया पडलो. त्यांनी परत पंजा धरला, घट्टे दाबून बघितले. मी विचारलं, "आप्पा, जाऊ?"

"व्हय."

हात आपटतात का बघत राहिलो. हात माझ्याच हातात होता. मी धरलेला का त्यांनी, कळायला मार्ग न्हाय.

दुसरा प्रश्न, राहू का, विचारला न्हाय. त्यालाबी व्हयच म्हणतील.

टांगा आलाय. टांगेवाल्याला आईनं चहा दिलाय, तो घोड्याला काहीतरी सांगतोय. आखूड काठी आमच्या खिळ्याला लावायला गेलो होतो, पण चौथ्या पायावर खूण करायची राहिलेली, म्हणून परत काढली. खूण केली. करवत लाकडावर ठेवलीय.

भिंतीवर तेवढी एकच सावली उघडी आहे. करवतीची.